व्हीपीएन ‘कनेक्टेड’, तरी मोबाइल डेटावर पान उघडत नाही?

वायफायवर व्हीपीएन छान चालतो. मोबाइल डेटावर मात्र ‘कनेक्टेड’ दिसूनही वेबसाइट फिरत राहते, मेसेज जातो पण फोटो अडकतो. अशा वेळी आधी एमटीयू बघा. एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या एका तुकड्याचा, कमाल आकार. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटवर स्वतःचं वेष्टन चढवतो, शिवाय मोबाइल नेटवर्कमध्ये जागा अनेकदा वायफायपेक्षा कमी असते. मग मोठी पॅकेट्स वाटेतच गळतात, छोटी पोचतात. वायरगार्ड या व्हीपीएन प्रकारात हा आकडा सहसा १४२० बाइट असतो. टनेलच्या (व्हीपीएन जोडणीच्या) सेटिंगमध्ये तो १२८० करा. वेगात फारसा फरक जाणवत नाही. त्याखाली मात्र जाऊ नका, कारण आयपीव्ही६ ला (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीला) किमान १२८० लागतोच.

टनेल मुळात जोडलाच जात नसेल तर नेटवर्क यूडीपी (बरेच व्हीपीएन वापरतात ती डेटा पाठवण्याची पद्धत) अडवत असण्याची शक्यता आहे. ओपनव्हीपीएन या दुसऱ्या व्हीपीएन प्रकारात टीसीपी (डेटा पाठवण्याची दुसरी पद्धत) आणि पोर्ट ४४३ (सुरक्षित वेबसाइट्स वापरतात तो मार्ग) निवडून पाहा, अर्थात सर्व्हरवर ती सोय हवी. जोडला जाऊन थोड्या वेळाने गप्प होत असेल, तर वायरगार्डमध्ये ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (जोडणी जागी ठेवणारा ठरावीक वेळाने जाणारा संदेश) २५ सेकंद ठेवा आणि अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमधून वगळा. पीपीटीपी हा जुना व्हीपीएन प्रकार अजून वापरात असेल तर तो बंदच करा. त्याची सुरक्षा केव्हाच मोडली आहे.