आजोबांच्या खुर्चीला नवा वेत

कुडाळच्या आमच्या घरी आजोबांची सागवानी खुर्ची आहे. मागचे पाय चौकोनी, पुढचे दोन कातलेले: वर तीन कड्या, मग कळशीच्या गळ्यासारखा निमुळता भाग आणि खाली लहानशी वाटी. बैठक वेताची, अष्टकोनी जाळीची. ती मधोमध फाटली तेव्हा सगळ्यांनी सुचवलं, फळी ठोकून वर गादी टाक. मी वेत विणला. त्यानंतर अशा आणखी चार खुर्च्या विणून झाल्या. तुमच्या माळ्यावर अशी एखादी पडून असेल तर तिला खिळा मारण्याआधी हे वाचा.

आधी पाय नीट बघा. कातीव पायाच्या सगळ्यात गोल भागावर जाडी दोन दिशांनी मोजा. आमच्या खुर्चीत दीड-दोन मिलिमीटरचा फरक आला. लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही, म्हणून लेथवर गोल कातलेला पाय वर्षानुवर्षांनी किंचित लंबगोल होतो. दोन पायांच्या कड्याही तंतोतंत जुळत नाहीत, कारण कातारी पटाशी हातानं धरत होता. म्हणून हे पाय पॉलिश पेपरनं घासून 'सरळ' करू नका. कड्यांच्या धारा एकदा गेल्या की परत येत नाहीत. पायांमधली एखादी दांडीच तुटली असेल तर जुना तुकडा नमुन्याला घेऊन कातकाम करणाऱ्याकडे जा. मी सावंतवाडीला गेले. लाकडी खेळण्यांचं गाव, तिथे लेथवर बसणारा हात मिळतो.

विणण्याआधी सांधे पक्के करायचे. हलत्या चौकटीवर विणलेला वेत टिकत नाही. जुने सांधे बहुधा सरसानं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदानं, चिकटवलेले असतात. कोमट पाण्याचा फडका तासभर गुंडाळून ठेवला की सैल होतात. जुना सरस पूर्ण खरवडून काढा, मग नवा सरस किंवा फेव्हिकॉल लावा. चारही पायांभोवती सुतळीचे दोन वेढे घ्या, त्यात काठी घालून पीळ द्या आणि एक दिवस तसंच ठेवा. कातीव कड्यांवर सुतळी रुतू नये म्हणून खाली कापडाची घडी हवीच. पॉलिश करायचं असेल तर तेही आत्ताच. जुन्या खुर्चीला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडीच (लाखेच्या पातळ पापड्या) शोभते.

आता बैठक. जुना वेत कापण्याआधी त्याचा फोटो काढा. भोकांतल्या खुंट्या खालच्या बाजूनं दाभण आणि हातोडीनं वर ढकला. भोकांच्या कडा बोटानं तपासा. धार लागली तर तेवढ्यापुरता पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर ती कडच वेत कापेल. दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजा. आमचं 16 मिलिमीटर होतं, त्याला अडीच मिलिमीटर रुंदीची पट्टी बसते. एका बैठकीला अडीचशे ते तीनशे फूट वेत लागतो. प्लास्टिकचा स्वस्त मिळतो, पण तो घेऊ नका. तो वाळून ताणला जात नाही, आणि सगळी गंमत त्या वाळण्यात आहे.

हे मला एका अंध काकांनी शिकवलं. आई ज्या शाळेत शिकवायची तिथल्या खुर्च्या विणायला ते मे महिन्यात यायचे. त्या काळी शाळा-कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणायचं काम बरेचदा अंध कारागिरांकडेच असे. काका पट्टीवरून अंगठा फिरवत. गुळगुळीत ती वरची बाजू. मग उलट दिशेनं फिरवत. पेराशी नख अडलं की पट्टी कुठल्या टोकानं ओवायची ते त्यांना कळे. आणि सारखं सांगत, "ओढू नको गो, वाळूंदे."

पट्टी कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, जास्त नाही. मी पहिल्यांदा रात्रभर ठेवली होती, सकाळी ती काळपट आणि निस्तेज झाली.

पुढची बाजू रुंद असते. आमच्याकडे कोपरे सोडून पुढे 23 भोकं, मागे 19. मधल्या भोकापासून सुरुवात करा: मागून पुढे, शेजारच्या भोकातून वर, परत मागे. मागची भोकं संपली की उरलेल्या पट्ट्यांसाठी बाजूचं असं भोक निवडा की पट्टी समांतर राहील. टोकं बांबूच्या खुंटीनं अडकवून ठेवा. दुसरा फेरा आडवा, नुसता वर टाकायचा. तिसरा पुन्हा उभा, पहिल्याच्या किंचित उजवीकडे. इथपर्यंत विणणं नाहीच. चौथ्या आडव्या फेऱ्यात विणकाम सुरू होतं: तिसऱ्या फेऱ्याच्या पट्टीवरून, पहिल्याच्या पट्टीखालून. सगळं ओलं असतानाच दाभणानं जोड्या जवळ सरकवा, म्हणजे चौकोनी घरं स्वच्छ दिसतील.

या चार फेऱ्यांत वेत ढिला वाटला पाहिजे. मी घट्ट ओढला होता. पाचव्या फेऱ्याला पट्टी आत शिरेना आणि दोन उभ्या पट्ट्या तुटल्या. सगळं उसवावं लागलं.

पाचवा आणि सहावा फेरा तिरपे. एका दिशेची पट्टी उभ्या जोडीवरून आणि आडव्या जोडीखालून, दुसऱ्या दिशेची बरोबर उलट. कुठल्या दिशेला कुठली, ते हाताला विचारा. बरोबर असेल तर पट्टी घराच्या कोपऱ्यात सहज घसरून बसते, चुकीची असेल तर कडेवर खरखरते. कोपऱ्याच्या भोकात एकाच दिशेच्या दोन पट्ट्या येतात. तिथे चूक झाली असं समजून उसवू नका. दुसऱ्या तिरप्या फेऱ्याला मला पूर्ण दोन दिवस लागले. बोटं ओली ठेवा आणि घाई करू नका, पट्टी इथेच चिरते.

टोकं खालच्या बाजूला शेजारच्या वेढ्यात दोनदा गुंडाळून कापा. शेवटी भोकांवरून चार मिलिमीटरची रुंद पट्टी ठेवून बारीक पट्टीच्या टाक्यांनी ती आवळा.

मग खुर्ची सावलीत ठेवा, उन्हात नको. दुसऱ्या दिवशी काका बैठकीवर टिचकी मारत आणि कान देत. ताणलेला वेत हलक्या डफासारखा वाजतो. माझी वाजली तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती.

काही वर्षांनी बैठक झोळीसारखी झाली तर खुर्ची उलटी करा, खालून गरम पाण्याचा फडका फिरवा आणि रात्रभर सोडा. वरून पाणी घालून उपयोग नाही, गुळगुळीत साल ते पिऊच देत नाही. हे पावसाळ्यात करू नका, वेताला बुरशी धरते. आमच्याकडे हे काम दिवाळीच्या साफसफाईत होतं.