पांदणीवरची सायकल: विदर्भातल्या कच्च्या वाटांवर या चुका टाळा

विदर्भात मोटारींचा आवाज कानी न पडता तीस-चाळीस किलोमीटर सायकल चालवायची असेल, तर त्यासाठी कोणी वेगळा मार्ग बांधून देण्याची गरज नाही. गावोगावच्या पांदणी (शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा, म्हणजेच पाणंद रस्ते), कालव्यांच्या काठचे मुरमाचे रस्ते आणि शेतांमधून गेलेल्या गाडीवाटा मुळातच आहेत. तरीही शहरातून आलेल्या सायकलस्वाराची या वाटांवर वारंवार फसगत होते, आणि तिचे कारण बहुतेक वेळा एकच असते: मार्ग नकाशा पाहून ठरवलेला असतो, माती पाहून नव्हे.

मोबाइलच्या नकाशावर दिसणारी रेघ म्हणजे चालू रस्ता, असे धरून चालणे ही पहिली चूक. उपग्रहाचे छायाचित्र बहुधा कोरड्या दिवसांतले असते. त्यात नाल्यावर पूल नसल्याचे कळत नाही, आणि पांदणीचे अर्धे अंग शेजारच्या वावरात गेल्याचेही दिसत नाही. पाणंद रस्त्यांसाठीच्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेसारख्या सरकारी योजनांतून काही पांदणींवर मुरूम आणि गिट्टी पडली, काहींवर पडली नाही. त्यामुळे एकाच गावाच्या पूर्वेची पांदण गुळगुळीत आणि पश्चिमेची निव्वळ चिखलाची असू शकते. गावात विचारावे हे खरे, पण प्रश्न नेमका हवा. “इथून गाडी जाते का?” या प्रश्नाला “जाते ना भाऊ” हेच उत्तर मिळणार, कारण विचारणाऱ्याच्या मनात सायकल असते आणि सांगणाऱ्याच्या मनात ट्रॅक्टर. त्याऐवजी “पाऊस आल्यावर मोटारसायकल जाते का?” असे विचारावे. या एका प्रश्नातून वाटेची माती, उतार आणि नाला या तिन्हींचा अंदाज येतो.

काळी माती: चूक आणि उपाय

पश्चिम विदर्भाची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तीच वाट जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चाक धरून ठेवते आणि एप्रिल-मे महिन्यांत भेगाळते. पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पुष्कळ ठिकाणी माती हलकी आणि मुरमाड असल्याने पावसानंतर एक-दोन दिवसांत चालण्याजोग्या होणाऱ्या वाटा तिथे अधिक मिळतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या काळ्या मातीच्या भागात, मात्र परतीच्या पावसानंतर आठवडाभर तरी पांदणीचे नाव काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळ्या मातीबद्दलचे हे मत मी अनुभवाने बनवले. एका ऑक्टोबरात, आर्वीच्या बाजूला, आदल्या रात्री एक सर पडून गेली असताना वरून सुकलेल्या दिसणाऱ्या पांदणीत मी सायकल घातली. पहिल्या दोनशे मीटरांत टायरवर मातीचा थर चढला, पुढच्या शंभरात तो मडगार्डमध्ये ठासून बसला, आणि चाक फिरेना म्हणून मी जोराने पेडल मारले तेव्हा मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर वाकून डिरेलर आऱ्यांत गेला. सोयाबीनचे कुटार भरून येणाऱ्या बंडीवरच्या काकांनी बैल थांबवले, सायकलीकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “खांद्यावर घ्या भाऊ, नाही त मुक्काम इथंच पडन.” तीन किलोमीटरची ती वाट पार करायला मला दोन तास लागले.

तेव्हा चाक जड लागताच पेडलवर जोर देऊ नये, तिथेच उतरावे. ओली माती हाताने निघत नाही, ती पऱ्हाटीच्या किंवा तुराटीच्या काडीने ब्रेकजवळून आणि चौकटीच्या फटीतून खरवडून काढावी, आणि पांदणीच्या मधोमध न चालता कडेच्या गवतावरून सायकल उचलून न्यावी. पावसाळी दिवसांत मडगार्ड घरी ठेवावे. अंगावर चिखल उडेल, पण चाक फिरेल. घरी आल्यावर जोरदार फवारा मारून सायकल धुण्याचा मोहही टाळावा, कारण पाणी बेअरिंगमध्ये शिरते. माती वाळू द्यावी, ब्रशने झाडावी आणि मग चेनला तेल द्यावे.

कोरड्या दिवसांतली अडचण निराळी. चिखलात उमटलेली बैलबंडीची आणि ट्रॅक्टरची चाकोरी दगडासारखी घट्ट होते. एका चाकोरीतून दुसरीत तिरकस उडी घेण्याच्या प्रयत्नात पुढचे चाक अडकून माणूस पडतो. एक चाकोरी धरून चालावे, बदलायचीच असेल तर वेग कमी करून जिथे कड झिजली आहे तिथे बदलावी. भेगांच्या दिवसांत बारीक टायर आणूच नये. निदान 38 ते 45 मिलिमीटर रुंदीचा टायर असावा. साधी ट्यूब असेल तर पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाला चाळीसच्या आसपास पीएसआय (पंपावर दिसणारे हवेच्या दाबाचे माप) हवा पुरते. शहरातल्या सवयीने हवा टणक भरली की गिट्टीवर सायकल उसळत राहते आणि हातांना मुंग्या येतात.

कालव्याचा काठ

पेंच, अप्पर वर्धा, बेंबळा किंवा गोसेखुर्द या धरणांच्या कालव्यांच्या काठचे रस्ते सपाट आणि निवांत आहेत. इथली चूक म्हणजे डिसेंबर-जानेवारीत रस्ता कोरडाच असणार असे मानणे. रब्बीसाठी पाण्याचे आवर्तन सुरू झाले की कालव्यातून पाणी झिरपून भर थंडीत काठावर चिखल होतो, आणि पंपांचे पाइप रस्त्यावर आडवे पडलेले असतात. पाइपावर सायकल चढवू नये, उतरून ओलांडावा. तो फुटला तर कोणाचे तरी दिवसभराचे ओलित वाया जाते. सिमेंटचे अस्तर असलेल्या कालव्याच्या उतारावर हातपाय धुवायलाही उतरू नये, कारण शेवाळावरून घसरलेल्या माणसाला वर चढायला पकड मिळत नाही.

रिकामी वाट म्हणजे मोकळी वाट नव्हे

शेतात माणूस दिसत नाही म्हणून ते मोकळे समजून धुऱ्यावरून (बांधावरून) किंवा पिकातून जवळची वाट काढणे ही सर्वांत धोक्याची चूक आहे. रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून हरभरा-तूर राखण्यासाठी शेताभोवती तारा ओढलेल्या असतात. काहींना झटका मशीन (जनावराला सौम्य झटका देऊन पळवणारे यंत्र) जोडलेले असते, आणि काही ठिकाणी, बेकायदा असूनही, थेट वीज सोडलेली असते. कोणती तार कशाची हे अंधुक उजेडात ओळखता येत नाही, म्हणून कोणतीही तार हाताने वर उचलून सायकल खालून सरकवू नये. तुरीची कापणी झालेल्या शेतातले तिरपे खुंट टायरची बाजू फाडतात, हे त्यामानाने किरकोळ.

जंगलाला लागून असलेल्या वाटांवर, विशेषतः चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या भोवती, वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाही. सकाळी नीट उजाडल्याशिवाय निघू नये आणि सूर्य कलण्याआधी गावात परतावे. राखीव वनातून परवानगीशिवाय जाता येत नाही, मग नकाशावर ती वाट कितीही सलग दिसो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याच्या दिवसांत पहाटे मोहाखाली अस्वल असण्याची शक्यता असते, हे त्या भागातली माणसे आपणहून सांगतात, ऐकावे.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात: मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो, त्यामुळे नऊच्या आत घरी येणे हाच उपाय. हातपंपावर विसंबून बाटली रिकामी नेऊ नये. खारपाणपट्ट्यात ते पाणी खारट लागते आणि तहान भागत नाही.

पंक्चर

बाभूळ, वेडी बाभूळ आणि गोखरू यांच्या काट्यांपासून सुटका नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवून काटा काढला नाही, तर पाच मिनिटांत तोच काटा नव्या ट्यूबमध्ये शिरतो. ट्यूबलेस टायर असेल तर काटा ओढून छिद्र खाली येईल असे चाक फिरवावे, म्हणजे सीलंट (टायरमधला छिद्र बुजवणारा द्रव) तिथे साचून छिद्र बुजते. उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळत असल्याने दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा भरावा. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. गावातल्या पंक्चरच्या दुकानात हवेचा कॉम्प्रेसर असतो, पण त्याचे तोंड मोटारसायकलीच्या व्हॉल्व्हचे असते. आपल्या सायकलीला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल, तर बोटाच्या पेराएवढे पितळी अडॅप्टर खिशात नसताना त्या भरलेल्या टाकीसमोर हातपंपाने हवा भरत बसावे लागते.