कंपोनंटची माहिती कुठं ठेवताय? या चुका टाळा

आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात तारीख निवडायचा एक वेब कंपोनंट आहे, म्हणजे स्वतःचा एचटीएमएल टॅग असलेला, कुठल्याही पानात बसवता येणारा तुकडा. चार प्रोजेक्टांत तोच वापरतो. मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याच्या बिलिंगसाठी नव्या पोरानं तो घेतला आणि गुगल डॉकमध्ये बघून ‘मिन-डेट’ अॅट्रिब्यूट (टॅगवर लिहायची सेटिंग) लावला. कॅलेंडर ढिम्म. कन्सोलमध्ये लाल ओळसुद्धा नाही. तीन चहा झाल्यावर कुणाला तरी आठवलं, अरे, ते नाव आपण कधीच नुसतं ‘मिन’ केलंय!

चूक पोराची नव्हती. फंक्शनचं नाव चुकलं तर निदान आरडाओरड तरी होते. अनोळखी अॅट्रिब्यूट ब्राउझर मुकाट पोटात घालतो. म्हणून माहिती कोडपासून लांब ठेवू नका. कंपोनंटच्या क्लासच्या डोक्यावरच जेएसडॉक कमेंटमध्ये (टूलला वाचता येईल अशा ठरावीक खुणांच्या कमेंटमध्ये) स्लॉट (बाहेरचा मजकूर बसायच्या जागा), इव्हेंट, सीएसएस व्हेरिएबल आणि पार्ट (बाहेरून रंगवता येणारे आतले भाग) लिहा. कस्टम एलिमेंट्स अॅनालायझर हे टूल कोड आणि या कमेंटमधून मॅनिफेस्टची, म्हणजे कंपोनंटच्या माहितीची, जेसन फाइल काढतं, आणि कंपोनंट दाखवायचं टूल स्टोरीबुक तीच वाचून तक्ते मांडतं. नाव बदललं की कमेंटही त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (तपासायला पाठवलेल्या बदलात) बदलायची, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेला पडते.

तक्ता रिकामा येतोय? आधी मॅनिफेस्ट नव्यानं बनलंय का बघा. ते काम बिल्डमध्येच घाला, हातानं करायचं म्हटलं की राहतंच. मग स्टोरीबुकच्या प्रीव्ह्यू फाइलमध्ये ते जोडलंय का, आणि स्टोरीत (कंपोनंटच्या नमुन्याच्या फाइलीत) दिलेलं टॅगचं नाव जुळतंय का, ते तपासा.

नुसती अॅट्रिब्यूटची यादी देऊन हात झटकणं ही दुसरी चूक. ‘डिसेबल्ड’ला ‘फॉल्स’ लिहिलं तरी बटण बंदच राहतं, कारण तिथं अॅट्रिब्यूट असणं हेच ‘हो’. शॅडो डॉमच्या (कंपोनंटच्या बाहेरच्या पानापासून वेगळ्या ठेवलेल्या आतल्या भागाच्या) आत उडवलेला इव्हेंट ‘कम्पोज्ड’, म्हणजे ती हद्द ओलांडायची परवानगी असलेला, नसेल तर बाहेर ऐकूच येत नाही. असल्या खोड्या लिहून ठेवा, फोन याच गोष्टींसाठी येतात.

आणि हा कंपोनंट कुठं वापरू नये, हे कुठलंच टूल सांगत नाही. त्यासाठी त्याच फोल्डरात दहा ओळींची रीडमी (माहितीची साधी फाइल) पुरते.

जुनं गुगल डॉक आम्ही उडवलं नाही. व्हॉट्सअॅपवर अजून त्याचीच लिंक फिरते. आतला मजकूर तेवढा पुसला आणि रेपोचा (कोड ठेवलेल्या जागेचा) पत्ता ठेवला.