घशात खवखव, छातीत घरघर: सिगारेट सोडताना या चुका टाळा

घसा खवखवायला लागला की सिगारेट ओढणारा रात्री आरशासमोर उभा राहतो, मोबाइलचा टॉर्च लावतो आणि आ वासतो. जिभेच्या अगदी मागे गोल उंचवटे दिसतात आणि धाबं दणाणतं. हे आठ-बारा उंचवटे प्रत्येकाच्या जिभेवर असतात, चव कळण्यासाठीच असतात. पण तोवर नेटवर कॅन्सरचे फोटो बघून झालेले असतात, आणि पोटातला गोळा घालवायला गॅलरीत आणखी एक पेटते! टॉर्च बंद करा. स्वरयंत्र आरशात दिसत नाहीच, त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाची दुर्बीण लागते.

टॉर्चऐवजी कॅलेंडर बघा. आवाज तीन आठवडे बसलेलाच असेल, तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा तितके दिवस हटत नसेल, घास अडकत असेल, मानेत गाठ लागत असेल किंवा वजन उगाच उतरत असेल, तर तज्ज्ञ गाठा. थुंकीतून रक्त एकदा पडलं तरी पुरे, वाट पाहू नका. आणि दोन आठवड्यांवर गेलेल्या खोकल्याला ‘ओढणाऱ्याचा खोकला’ म्हणून सोडू नका. तो टीबीही असू शकतो. सरकारी दवाखान्यात बेडका मोफत तपासतात. ज्येष्ठमध चघळून घसा मऊ पडेल, कारण कळणार नाही.

‘एक्स-रे क्लिअर आला’ म्हणून पुन्हा टपरी गाठणारे तर पैशाला पासरी. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा आजार. त्याच्या सुरुवातीला एक्स-रे बऱ्याचदा नॉर्मल येतो. जिना चढताना धाप लागत असेल तर स्पायरोमेट्री करायची का, हे डॉक्टरांना विचारा. नळीत जोरात फुंकायचं, एवढीच ती तपासणी.

छातीवर दाब, दरदरून घाम, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जातेय? ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पीत बसू नका. 108 ला फोन करा.

आता सोडल्यानंतरची गंमत. सोडली आणि खोकला वाढला, म्हणून ‘मला सोडणं मानवत नाही’ असं म्हणत लोक परत सुरू करतात. श्वासनलिकेतले बारीक केस धुरानं लुळे पडलेले असतात. ते पुन्हा हलायला लागले की साठलेला कफ वर ढकलतात. काही आठवडे हे चालतं. वर दिलेल्या खुणा नसतील तर घाबरू नका, पाणी भरपूर प्या.

दुसरी चूक चहाची, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. धुरामुळे यकृत कॅफिन झपाट्यानं निकालात काढत असतं. धूर थांबला की रोजचाच चहा जास्त चढतो: धडधड, हात थरथरणं, झोपेचं खोबरं. दोष मात्र सोडण्याला! चहा निम्मा करा. टपरीवरची फेरी आपोआप घटते, हा वरचा फायदा.

निकोटिन गम बबलगमसारखा सलग चघळला की उचकी लागते, घसा जळतो, मळमळतं. सावकाश चावा, चव तिखट लागली की गाल आणि हिरडीमध्ये ठेवून द्या, चव गेली की पुन्हा चावा. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी-सरबत नको. हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

‘लाइट’ घेतली, बिडीवर आलो, मिश्रीवर आलो, ही निव्वळ मनाची समजूत. दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो.

तलफ सर्वांत जास्त छळते ती पहिले दोन-तीन दिवस. एकेक झटका काही मिनिटांत ओसरतो. त्या वेळी फोन करायला 1800-11-2356 ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. नंबर शोधायला लांब जायला नको, सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. पाकीट फेकण्याआधी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.