डिस्लेक्सिया असलेल्या मुलाकडून माहितीपर परिच्छेद कसा लिहून घ्यावा

‘पावसाळ्यात डास का वाढतात?’ यावर डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण) असलेलं सहावीतलं मूल भरभरून बोलतं, पण वहीत दीड ओळ उतरते. वेलांटी, जोडाक्षर, वाक्याची जुळणी आणि मुद्द्यांचा क्रम हे सगळं एकदम सांभाळावं लागलं की सुचलेलं वाक्य अर्ध्यावरच निसटतं. म्हणून ही कामं सुटी करायची.

आधी तोंडी. मूल बोलत असताना त्याचेच शब्द आपण टिपायचे आणि त्यातले सहा-सात अवघड शब्द (डबकं, अळी, कोष, स्वच्छ) मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून समोर ठेवायचे. फळ्यावर नकोत, मान वर-खाली करताना ओळ हरवते.

लगेच परिच्छेदाकडे धावू नका. काही दिवस वाक्यावरच काढा. एकच सुरुवात द्या, ‘टाकीवर झाकण नव्हतं’, आणि ती तीन प्रकारे पुढे न्यायला सांगा:

टाकीवर झाकण नव्हतं, कारण ते वाऱ्याने उडालं.
टाकीवर झाकण नव्हतं, पण बाबांनी जाळी बांधली होती.
टाकीवर झाकण नव्हतं, म्हणून पाण्यात अळ्या झाल्या.

गोंधळ हमखास ‘कारण’ आणि ‘म्हणून’ यांत होतो. मूल ‘झाकण नव्हतं, कारण अळ्या झाल्या’ असं लिहितं. अशा वेळी नियम सांगू नका, ‘आधी काय घडलं?’ एवढंच विचारा. दोन घटना दोन चिठ्ठ्यांवर लिहून क्रमाने लावल्या की चूक त्याची त्यालाच दिसते.

मग आराखडा. वर मुख्य वाक्य, खाली १, २, ३ असे तीन मुद्दे, प्रत्येकी दोन-चार शब्दांचे: ‘साचलेलं पाणी’, ‘अंडी ते डास, आठ-दहा दिवस’, ‘आठवड्याला भांडी कोरडी’. कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती (मध्ये विषय, भोवती मुद्दे) आम्ही टाळतो. तिच्यात आधी काय लिहायचं तेच कळत नाही. मुद्द्यात पूर्ण वाक्य लिहू देऊ नका, नाहीतर तेच जसंच्या तसं उतरतं.

परीक्षेत लेखनिक (मूल सांगेल ते लिहून देणारी व्यक्ती) मिळणार असला तरी आराखड्याचा सराव सोडू नका. लेखनिक शुद्धलेखन सांभाळेल, क्रम मुलालाच सांगावा लागतो.

लिहिताना शुद्धलेखनावर बोलायचं नाही. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन फिरलं की मूल ‘दूषित’ टाळून ‘घाण’ लिहू लागतं. तपासणी दुसऱ्या दिवशी: आधी मूल मोठ्याने वाचेल आणि सुटलेले शब्द भरेल, मग जोडणारे शब्द पाहायचे, शेवटी एकाच प्रकारची चूक, समजा फक्त रफार.