मुळाखाली बेरीज दिसली की हात आवरा

पॉलिटेक्निकच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल जानेवारीत लागला, तेव्हा सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली होती. पोरं पाळण्यात बसायला गेली. मी पूर्व भागातल्या घरात, शेजारच्या मागांच्या खडखडाटात, पेपरातलं एकच गणित आठवत बसलो. (१, २) आणि (४, ६) या बिंदूंमधलं अंतर काढा. √(९ + १६) पर्यंत सगळं बरोबर. पुढे मी लिहिलं होतं, ३ + ४ = ७. गणितात बॅक, म्हणजे नापास. त्या एका ओळीनं बॅक नाही लागला, पण तीच चूक पेपरभर पसरली होती.

मित्राला दाखवलं तर म्हणाला, "काय बे, मैदान कडेकडेनं चालत जातो का तू? तिरकं जातो ना?" तीन पावलं पूर्वेला, मग चार उत्तरेला, एकूण सात. तिरकी वाट याहून कमीच भरणार. उत्तर ५.

वर्गमुळाखाली गुणाकार असेल तर मूळ वाटून देता येतं: √७२ = √३६ × √२ = ६√२. बेरीज असेल तर येत नाही. वजाबाकी असली तरी नाही. तुम्हाला हे माहीत आहे, मलाही होतं. घाईत हात ऐकत नाही.

म्हणून एकदा स्वतः करून बघा. (√९ + √१६) चा वर्ग करा: ९ + १६ + २√१४४ = ४९. मुळाखाली तर २५ च होते. वरचे २४ म्हणजे (अ + ब)² मधला तो २अब, जो आपण गिळून टाकतो. भास्कराचार्यांनी ११५० साली करणींची, म्हणजे √२ सारख्या पूर्ण न सुटणाऱ्या मुळांची, बेरीज नेमकी याच मधल्या पदानं केली. त्यांचंच उदाहरण, √२ आणि √८: २ + ८ = १०, त्यात २√१६ म्हणजे ८ मिळवले की १८, उत्तर √१८. आपल्या रीतीनं √८ = २√२, त्यात √२ मिळवा, ३√२. तेच.

अक्षर आलं की मोह वाढतो. √(क्ष² + ९) ला क्ष + ३ लिहावंसं वाटतं. क्ष = ४ ठेवा: एकीकडे ५, दुसरीकडे ७. दहा सेकंदांचं काम आहे, आळस करू नका.

आमच्या क्लासमध्ये "वर्ग दिसला की बाहेर काढा" असा शॉर्टकट शिकवायचे. त्याचा मला अजून राग आहे. कुठून बाहेर, ते कोण सांगणार? मी साधे अवयवच पाडतो: ७२ = २ × २ × २ × ३ × ३, जोडी जमली की एक बाहेर. वेळखाऊ आहे, पण फसवत नाही. कुणी आधी ४ काढून २√१८ वर थांबलं तर घाबरू नका, ते चूक नाही, अर्धवट आहे. आत अजून ९ लपलाय, तो काढा.

उन्हाळी परीक्षेत √१२ + √२७ आलं. एवढं सगळं घोटूनही पेनानं √३९ लिहून टाकलं होतं. खोडलं, आणि खाली लिहिलं: २√३ + ३√३ = ५√३.