अडगळ काढताना या चुका टाळा

सकाळी उत्साहात अख्खं कपाट रिकामं केलं, दुपारपर्यंत पलंगावर डोंगर झाला आणि रात्री झोपायला जागा हवी म्हणून सगळं परत आत कोंबलं. आवराआवरीचा बेत बहुतेक वेळा असाच फसतो. एका बैठकीत एक खण पुरे.

दुसरी चूक म्हणजे आधीच डबे नि खोके विकत आणणं. झाकणाचे सुबक डबे आले की पसारा त्यांत मावून जातो आणि टाकायचं राहूनच जातं. डबे शेवटी आणा, काय उरलं ते पाहून.

फोटो आणि जुन्या पत्रांपासून तर सुरुवात नकोच. पहिलंच पाकीट उघडलं की तास गेला म्हणून समजा. आधी बंद पडलेले चार्जर, मुदत संपलेली मलमं, जोडीतला एकच उरलेला मोजा असं बिनभावनेचं सामान काढा.

मग येतं ते ‘लागेल कधीतरी’. वस्तू आपली झाली की आपल्या नजरेत तिची किंमत वाढते. काहनेमन, नेट्श आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले होते. हे मग विकायला त्यांनी मागितलेली किंमत ही, ज्यांना मग मिळाले नव्हते ते जी द्यायला तयार होते तिच्या साधारण दुप्पट निघाली. म्हणून ‘टाकू का?’ असं विचारूच नका. ‘ही आज माझ्याकडे नसती, तर विकत आणली असती का?’ असं विचारा. उत्तर पटकन येतं, आणि बरेचदा ‘नाही’ असंच येतं!

सगळ्यात जास्त घोळ मात्र निर्णयानंतर होतो. ‘द्यायचं’ म्हणून भरलेली पिशवी दाराशी महिनोन्‌महिने बसते आणि येता-जाता कोणीतरी त्यातलं एकेक परत काढतं. पिशवीला गाठ मारा आणि ती कोण, कधी नेणार हे त्याच दिवशी ठरवा. ‘विकून टाकू’ हीसुद्धा बरेचदा पळवाटच असते. फोटो काढा, निरोपांना उत्तरं द्या, घासाघीस करा, इतका उरक असता तर वस्तू एव्हाना गेली असती.

जुना फोन देताना घाई नको. आधी त्यातल्या खात्यांतून बाहेर पडा, मग रीसेट करा, नाहीतर नव्या मालकाला तो जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतो. सिम आणि मेमरी कार्डही काढून घ्या. संगणकाच्या हार्ड डिस्कवरची फाइल नुसती डिलीट केल्याने खरोखर पुसली जात नाही, ती परत मिळवता येऊ शकते. लिथियम बॅटऱ्या साध्या कचऱ्यात टाकू नका. दाबल्या गेल्या तर पेट घेऊ शकतात. त्या ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. फुगलेली बॅटरी टोचू नका, चार्जही करू नका.

आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या वस्तू, कितीही निरुपयोगी वाटल्या तरी, परस्पर काढू नका. एकदा असं झालं की ती माणसं पुढे आपले खण उघडूही देत नाहीत.